पंधरा माणसं, एक औत

आमच्या जव्हार-मोखाड्याच्या पोरांना गणित येत नाही, असं सगळे म्हणतात. तपासणीला येणारे साहेब म्हणतात, बदलीची वाट बघणारे गुरुजी म्हणतात, पेपरात बातमी येते की पाचवीतल्या पोराला साधा भागाकार जमत नाही. आता तर आईबापही म्हणायला लागलेत, ‘आमचं पोरगं ढ आहे, त्याला कशाला शिकवता, शेळ्यांमागं जाऊ द्या.’ बातमी खोटी आहे असं मी म्हणत नाही. कागदावर मांडलेला भागाकार पोराला येत नसेल. पण पोरगं ढ आहे हे मला मान्य नाही, आणि ते का मान्य नाही हे सांगण्यासाठी मी लिहितो आहे.

मे महिन्यात मोखाड्याच्या कुठल्याही पाड्यावर जा. विहीर आटलेली असते. तळाशी झिरा असतो, त्यातून वाटीवाटीनं पाणी काढायचं. दहा वर्षांच्या पोरीला ठाऊक असतं की संध्याकाळी उपसलेला झिरा पुन्हा भरायला किती वेळ लागतो. रात्री दोनला गेलं तर दोन हंडे मिळतात, पहाटे पाचला गेलं तर रांग लागते आणि एकच मिळतो, तोही गढूळ. घरात माणसं किती, कोण आजारी आहे, उद्या पाहुणे येणार का, बकरीला पाजायचं का, हे सगळं डोक्यात धरून ती ठरवते की आज किती वाजता उठायचं. हे गणित नाही तर काय आहे? या गणिताला मागच्या पानावर उत्तर नाही. रोजचं उत्तर वेगळं. आणि चुकलं तर त्या दिवशी घरात पाणी नाही.

हीच पोरगी सकाळी शाळेत जाते आणि भिंतीला टेकून गप्प बसते. तिला प्रश्न विचारला की ती गुरुजींच्या तोंडाकडे बघते. उत्तर काय आहे याचा विचार ती करत नाही. गुरुजींना कुठलं उत्तर पाहिजे आहे, याचा अंदाज ती घेत असते. शाळेनं तिला पहिल्या वर्षात हे एवढंच शिकवलेलं असतं, की प्रश्न त्यांचा आणि उत्तरही त्यांचं. आपण फक्त जुळवायचं. जुळलं तर हुशार, नाही जुळलं तर ढ.

मी दहावीपर्यंत शिकलो. आमच्या वेळी जिल्हा ठाणे होता, पालघर जिल्हा २०१४ साली झाला. सातवीत असताना वर्गात एक उदाहरण घातलं होतं, ते तुम्हीही सोडवलं असेल. दहा मजूर एक काम बारा दिवसांत करतात, तर पंधरा मजूर तेच काम किती दिवसांत करतील? उत्तर आठ दिवस. दहा गुणिले बारा, भागिले पंधरा. मी मात्र हात वर करून विचारलं होतं, ‘काम कुठलं? आवणीचं असेल तर औतं किती?’ कारण आमच्याकडे आवणीला एकच औत होतं. चिखल केल्याशिवाय रोप लावता येत नाही आणि एक औत दिवसभरात जेवढा चिखल करील तेवढीच लावणी होणार. दहाच्या जागी पंधरा माणसं आणली तर पाच बांधावर बसून तंबाखू मळतील आणि भाकऱ्या तेवढ्या जास्त लागतील. उलट काम गवत कापायचं असेल तर आठच दिवस लागतील, मला ते मान्य होतं. वर्ग हसला. गुरुजी म्हणाले, ‘जास्त शहाणपणा नको, पुस्तकात दिलंय तेवढं कर.’ मी केलं. आठ लिहिलं, मार्क मिळाले. त्यानंतर दहावी होईपर्यंत मी वर्गात असा प्रश्न विचारला नाही. त्या गुरुजींवर माझा राग नाही. त्यांनाही कुणीतरी असंच शिकवलं असणार. माझा राग त्या रीतीवर आहे, कारण ती अजून तशीच चालू आहे.

आता एक नवा शब्द आला आहे, ‘सर्जनशीलता’. मोठमोठ्या कागदांत असतो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही आहे, की पोरांनी पाठांतर सोडून विचार करावा, चौकस व्हावं. चांगलंच आहे. पण तो शब्द डोंगर चढून आमच्या पाड्यावर येईस्तोवर त्याचं काय होतं ते मी पाहिलंय. सर्जनशीलता म्हणजे भिंतीवर वारली चित्र, कार्डबोर्डचं घर, गॅदरिंगला तारपा नाच आणि त्याचे फोटो वरच्या ऑफिसला. चित्राला माझा विरोध नाही. आमच्या बायका लग्नाचा चौक लिहितात, तो कुणी शिकवला नाही त्यांना. पण गणिताच्या तासाला पाठांतर आणि शनिवारी दुपारी सर्जनशीलता, अशी वाटणी केली की दोन्ही वाया जातात.

२०१५ नंतरची गोष्ट आठवा. ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ आला. सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटच्या शाळांचं नाव झालं, राज्यभरातून शिक्षक तिथं बघायला गेले. तिथल्या शिक्षकांनी मेहनत घेतली होती, पोरं जमिनीवर बसून, वस्तू हाताळून, एकमेकांना विचारून शिकत होती. बघून आलेल्या कित्येकांनी त्यातलं काय उचललं? रंगवलेली फरशी. आमच्याकडेही शाळाशाळांतून फरशीवर गोल, चौकोन, आकडे रंगवले गेले. ऑइलपेंटचे डबे संपले आणि रचनावाद झाला. पोरं त्याच रंगीत गोलात बसून तेच एक उत्तर घोकायला लागली. फरशी रंगवायला दोन दिवस लागतात. पोराचं उत्तर शेवटपर्यंत ऐकून घ्यायची सवय लागायला वर्षं लागतात, आणि तिचा फोटो निघत नाही.

मग पाहिजे काय? माझा एक शिक्षक मित्र आहे, त्यानं मला सांगितलं की जपानमध्ये १९७० च्या दशकात गणिताच्या शिक्षकांनी ठरवून असे प्रश्न तयार केले, ज्यांची उत्तरं एकापेक्षा जास्त निघतात. पोरं वेगवेगळ्या वाटांनी जातात, मग सगळा वर्ग त्या वाटा ताडून बघतो. आपल्याकडे अशांना मुक्तोत्तरी प्रश्न म्हणतात. शब्द जड आहे, पण वस्तू ओळखीची निघाली. म्हणजे आमचा आवणीचा प्रश्नच की! त्याला एकच उत्तर नसतं, पण वाटेल ते उत्तरही चालत नाही. हे दुसरं वाक्य महत्त्वाचं. लोकांना वाटतं, उत्तर मोकळं सोडलं म्हणजे सगळंच बरोबर. तसं नाही. एका औताला पंधरा माणसं लावायची म्हणणारा चुकलेलाच आहे. पण दोन दिवस आधी औत घालून ठेवू म्हणणारा, शेजाऱ्याचं औत सावडीनं घेऊ म्हणणारा आणि उरलेल्या पाचांना राब उपटायला लावू म्हणणारा, तिघंही बरोबर असू शकतात. कोण जास्त बरोबर, ते पाऊस, पैसा आणि शेजारी बघून ठरतं.

हे वर्गात होऊ शकतं का? होतं. मी शाळेच्या व्यवस्थापन समितीवर असताना आमच्या शाळेत एक बाई होत्या. नाव लिहीत नाही, त्यांना ते आवडणार नाही. उन्हाळ्यात पाड्याला टँकर सुरू झाला. मोखाड्यात अडीच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, मध्य वैतरणेचं पाणी मुंबईला जातं आणि आम्ही टँकरची वाट बघतो, हा आमचा जुना संताप आहे, तो आत्ता काढत नाही. बाईंनी फळ्यावर लिहिलं : टँकर दहा हजार लिटरचा, एक दिवसाआड येतो. घरं चाळीस, माणसं दोनशे. पाणी कसं वाटाल?

पहिल्यांदा पोरांनी नेहमीचं केलं. दहा हजार भागिले चाळीस, घरटी अडीचशे लिटर. झालं उत्तर. बाई म्हणाल्या, ‘बरोबर. आता सांगा, हे कुणाला पटणार नाही?’ मग वर्गाला तोंड फुटलं. नऊ माणसांच्या घरातलं पोरगं म्हणालं, आम्हाला दोन दिवसांत माणशी अठ्ठावीस लिटरही येत नाही आणि आमच्या शेजारची म्हातारी एकटीच अडीचशे घेणार. मग माणशी वाटा, म्हणजे पन्नास लिटर. मग म्हातारीला पन्नासच, पण तिच्याकडं गाय आहे, तिचं काय? एक पोरगी म्हणाली, आधी माणसांना दोन-दोन हंडे द्या, उरेल ते जनावरांना. पंधरा लिटरचा हंडा. चारशे हंडे, म्हणजे सहा हजार लिटर. उरले चार हजार. बैल उन्हाळ्यात दिवसाला चाळीस-एक लिटर पितो, दोन दिवसांचे ऐंशी. पन्नास जनावरांना पुरतं. मग पोरं पाड्यातली जनावरं मोजायला धावली. साठ निघाली! मग कुणी म्हणालं, धडधाकट बैल नदीच्या डोहावर न्यावेत, गाभण गाई आणि वासरं पाड्यावर पाजावीत. सगळ्यात मागं बसणारा, कधी न बोलणारा एक पोरगा शेवटी आपल्या बोलीत म्हणाला, पण पाणी तर विहिरीत ओततात. अर्धं झिरपतं आणि ज्याचा दोर लांब, हात दांडगा, त्यालाच मिळतं. आधी टाकी मागा, वाटणी मग.

त्या पोरानं खरा प्रश्न काढला. बाकीचे सगळे वाटणी करत होते. भागाकार, गुणाकार, वजाबाकी, सगळं त्या दोन दिवसांत झालं, आणि कुणाला ‘पाढे म्हण’ म्हणावं लागलं नाही. ज्यांना पाढे येत नव्हते त्यांनी दुसऱ्याला विचारून घेतले, कारण त्यांना ते पाहिजे होते.

इथं काही शहाणे म्हणतील, ‘तुमचं ठीक आहे हो, पण आधी पाया पक्का होऊ द्या. बेरीज-वजाबाकी आली की मग करू विचार.’ हे मी तीस वर्षं ऐकतोय. पाया काही पक्का झाला नाही आणि विचाराची पाळी काही आली नाही. पाया आणि घर असं वेगळं नसतं. नांगर धरायला आधी शिकून मग शेत बघतो असं कुणी शेतकऱ्याचं पोर करत नाही. शेतात उतरूनच नांगर हाती बसतो. पाढे नकोत असं मी म्हणत नाही. पाढे पाहिजेतच. पण पाढे ही कुऱ्हाड आहे. कुऱ्हाड नुसती घासत बसायची आणि लाकूड कधी फोडायचंच नाही, हा कुठला न्याय?

दुसरे म्हणतात, शिक्षकांना वेळ कुठं आहे? हे खरं आहे. आमच्या पाड्यांवर दोन शिक्षक आणि पाच वर्ग. त्यात माहिती भरा, ॲपवर फोटो टाका, खिचडीचा हिशोब ठेवा. मी शिक्षकांच्या बाजूनं आहे. पण म्हणूनच सांगतो, असा प्रश्न अशा शाळेलाच जास्त सोयीचा. टँकरच्या प्रश्नात पहिलीतलं पोर हंडे मोजतं, तिसरीतलं गुणाकार करतं, पाचवीतलं वाटणीचे प्रकार ताडून बघतं. एक प्रश्न, पाच वर्ग. एकाच उत्तराच्या पुस्तकातून पाच वर्गांना शिकवायचं तर गुरुजींना पाच ठिकाणी उभं राहावं लागतं.

आता माझा खरा मुद्दा. तो सर्जनशीलतेचा नाही, पोटाचा आहे.

दिवाळी झाली की आमचे पाडे रिकामे होतात. माणसं भिवंडी, वसई, कल्याणकडे वीटभट्टीवर जातात. पावसाआधी उचल घेतलेली असते, ती फेडायला. शेवटी हिशोब होतो तेव्हा शेठ वही उघडतो. समजा, नवराबायकोनं तीस हजार उचल घेतली. हजार विटांना आठशे रुपये. नव्वद हजार विटा पाडल्या, म्हणजे बहात्तर हजार झाले. आठवड्याला हजार रुपये खर्ची, चोवीस आठवडे, चोवीस हजार. उचल आणि खर्ची वजा करून अठरा हजार हातात यायला पाहिजेत. शेठ म्हणतो, अवकाळीनं पंधरा हजार विटा भिजल्या, बारा हजार कापले, हे घे सहा.

यात वजाबाकी चुकलेली नाही. अठरातून बारा गेले सहा, शेठचं गणित पुस्तकाप्रमाणं बरोबर आहे. ज्याला फक्त वजाबाकी शिकवली तो पोरगा बापाला सांगेल, ‘बा, हिशोब बरोबर आहे.’ पण ज्याला ‘हे कुणाला पटणार नाही?’ असं विचारायला शिकवलं, तो म्हणेल, पाऊस आम्ही पाडला का? वीट पाडून दिली तेव्हा आमचं काम झालं, ताडपत्री घालायची कुणी? पंधरा हजार मोजल्या कुणी, आमच्यापैकी कोण हजर होतं? आणि पुढच्या वर्षीची उचल घेण्याआधी हे कागदावर ठरवून घेता येईल का? यांतल्या एकाही प्रश्नाचं उत्तर मागच्या पानावर छापलेलं नाही. शाळेनं दहा वर्षं पोराला शिकवलं की उत्तर दुसऱ्याच्या वहीत असतं. मग त्यानं शेठची वही का मानू नये? गुरुजींची वही गेली, शेठची आली. म्हणून मी म्हणतो, एका उत्तराची शाळा आमच्या पोरांना नुसती कंटाळवाणी नाही, ती त्यांना भट्टीसाठी तयार करते.

हा आमच्या भागाचा जुना अनुभव आहे. लग्नासाठी कर्ज घ्यायचं आणि जन्मभर सावकाराकडे लग्नगडी म्हणून राबायचं, हे आमच्या मागच्या पिढ्यांनी भोगलं. कर्ज किती फिटलं ते वहीच सांगायची. १९४५ साली तलासरी, डहाणू, उंबरगावकडच्या वारल्यांनी गोदावरी परुळेकरांबरोबर उठाव केला, वेठ आणि लग्नगडी बंद पाडले. त्या उठावात वही विचारायची हिंमत आली.

आणि त्याच १९४५ साली त्याच डहाणू तालुक्यात, बोर्डीला, ताराबाई मोडकांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. अनुताई वाघ त्यांना तिथंच येऊन मिळाल्या. १९५७ मध्ये केंद्र कोसबाडच्या टेकडीवर गेलं. पोरं शाळेत येत नाहीत म्हणून त्यांनी पोरांना ढ ठरवलं नाही. शाळा पोरांच्या अंगणात नेली. गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणातच शाळा भरवली, कुरणशाळा. माँटेसोरीची महागडी साधनं परवडणारी नव्हती, तर दगड, बिया, पानं, शिंपले यांवर मोजायला शिकवलं. म्हणजे जपानचं सोडा, आमच्याच जिल्ह्यात हे ऐंशी वर्षांपूर्वी सुरू झालं होतं. त्याच्याही आधी, १८८२ मध्ये, जोतीराव फुल्यांनी हंटर कमिशनपुढे सांगितलं होतं की खेड्यातल्या शाळेत हिशोब शिकवा, शेतीचं ज्ञान द्या, आरोग्याचं द्या. ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण मिळालं, अनुताईंना पुढे पद्मश्री. आम्ही त्यांचे फोटो भिंतीला लावले आणि कुरणात जायचं सोडून दिलं.

आता तर उलटी गंगा आहे. २०२३ मध्ये सरकारनं वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करायचं काढलं. म्हणे मोठ्या शाळेत सोयी चांगल्या असतात. असतील. पण पावसाळ्यात ओहोळ ओलांडून सहा वर्षांचं पोर तिथं जाणार कसं, हा एक प्रश्न. आणि दुसरा, पाड्याची शाळा गेली की पाड्याचा प्रश्नही शाळेतून जातो. तिथं टँकरचा, झिऱ्याचा, औताचा प्रश्न कोण घालणार? ताराबाईंनी शाळा पोराकडे नेली, आपण पोराला शाळेकडे हाकतो आहोत.

आईबापांनाही माझं सांगणं आहे. ‘पोराला इंग्लिश मीडियमला घाला’ म्हणून तुम्ही कर्ज काढता. तिथंही मागच्या पानावरचं उत्तरच मिळणार, फक्त इंग्रजीत. शिक्षण हक्काच्या कायद्यानं शाळेच्या व्यवस्थापन समितीत चारातले तीन सभासद पालक असतात. आपण तिथं जाऊन चहा पितो आणि सही करतो. त्याऐवजी दोन गोष्टी मागा.

एक, आठवड्यातून एक दिवस, एक प्रश्न पाड्याचा. बांध फुटला तर आधी कुठं बांधायचा, रेशनचं धान्य महिनाभर कसं पुरवायचं, नागलीला भाव नाही तर पापड करून विकले तर परवडतील का, भट्टीचा हिशोब कसा लिहून घ्यायचा. पुस्तक बाजूला ठेवू नका, पुस्तकातला भागाकार त्या प्रश्नाला लावा. पोराला त्याच्या बोलीत बोलू द्या, वारलीत, कोकणीत, ठाकरीत. लिहायची मराठी मागून येईल.

दुसरी मागणी ग्रामसभेची. आपला भाग पेसा कायद्यात आहे, पाड्यालासुद्धा आपली ग्रामसभा करता येते. पोरांनी काढलेली उत्तरं तिथं मांडू द्या. आमच्या शाळेतल्या पोरांचा टाकीचा कागद बाईंनी ग्रामसभेत वाचायला लावला. तो मागच्या बाकावरचा पोरगा उभा राहिला तेव्हा त्याचे पाय थरथरत होते. काही जण हसले, काही म्हणाले, पोराटोरांचं काय ऐकता. पण ठराव झाला. टाकी यायला दोन उन्हाळे गेले, आणि ती सरळ आली नाही, तालुक्याला बऱ्याच खेपा झाल्या. आज टँकरचं पाणी टाकीत पडतं, तोटीनं मिळतं. वाटणीचं भांडण अजून चालू आहे, कारण जनावरांचा प्रश्न सुटलेला नाही. यंदाच्या पाचवीला तो घाला, असं मी नव्या गुरुजींना सांगून आलो आहे.